डावखुऱ्या नेमबाजाचे पिस्तूल : निवड, पकड आणि हाताळणी

डाव्या हाताने पिस्तूल चालवू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक सल्ला हमखास मिळतो : समोरचा जे करतो आहे ते आरशात पाहिल्यासारखे उलटे करा. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. उभे राहण्याची ढब, मूठ, ट्रिगरवरचे बोट आणि त्या बोटामुळे होणाऱ्या चुका या शरीराच्या गोष्टी आहेत आणि त्या खरोखरच आरशाप्रमाणे उलटतात. पिस्तूल मात्र उलटत नाही. रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे कवच) सहसा उजवीकडेच उडते, मॅगझिन (काडतुसांची काढघाल करता येणारी पेटी) सोडण्याचे बटण बहुधा डाव्या अंगालाच असते आणि मागच्या साइटचा (नेम धरण्याच्या खुणेचा) स्क्रू डावखुऱ्यासाठी वेगळ्या दिशेने फिरत नाही. डावखुऱ्या नेमबाजाच्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने उद्भवतात, असे मला वाटते. त्यामुळे निवड करताना आणि हाताळताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : हे हाताचे काम आहे की यंत्राचे?

पुढील सर्व मजकूर परवानाधारक किंवा अधिकृत रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकणाऱ्या नेमबाजासाठी आहे. शस्त्र बाळगण्याचे, नेण्याआणण्याचे आणि साठवण्याचे कायदे प्रत्येक देशात निराळे असतात. ते आधी समजून घ्यावेत.

हात कोणता आणि डोळा कोणता

आपण डावखुरे आहोत हे सर्वांना ठाऊक असते, पण आपला प्रभावी डोळा कोणता हे बहुतेकांनी कधी तपासलेले नसते. तपासणी अगदी साधी आहे. दोन्ही हात पूर्ण लांब करून तळव्यांच्या मध्ये लहानसा त्रिकोणी झरोका करावा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू त्या झरोक्यातून पाहावी आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू झरोक्यातच राहते, तो प्रभावी डोळा. ही चाचणी तीनचार वेळा करावी, कारण पहिल्या वेळी माणूस नकळत हात आपल्या सवयीच्या बाजूला ओढतो.

डावा हात आणि उजवा डोळा अशी जोडी उजव्या हाताच्या लोकांतील उलट जोडीपेक्षा अधिक प्रमाणात आढळते, तेव्हा निकाल तसा आला तर दचकण्याचे कारण नाही. रायफलीचा दस्ता गालाशी टेकवावा लागतो, म्हणून तेथे हात आणि डोळा एकाच बाजूचे नसणे ही मोठी अडचण ठरते. पिस्तूल हाताच्या टोकाला, चेहऱ्यापासून दूर असते. दोन हातांनी धरताना पिस्तूल अंगुळभर उजवीकडे आणले किंवा हनुवटी थोडी डावीकडे वळवली की उजवा डोळा साइटच्या रेषेत येतो. त्यामुळे पिस्तुलासाठी हात बदलण्यापेक्षा आपला कसलेला हात कायम ठेवून डोक्याची ठेवण बदलणे मला अधिक योग्य वाटते. एका हाताने खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक प्रकारांत न वापरण्याच्या डोळ्यापुढे झाकणी लावता येते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार तिची रुंदी 30 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. डोळा गच्च मिटून नेम धरण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, कारण मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावरही येतो आणि दहापंधरा मिनिटांत साइट धूसर दिसू लागते.

हात बदलता येतच नाही असे कोणी म्हणू नये. हंगेरीचा कारोली ताकाच हा मुळात उजव्या हाताचा नेमबाज होता. 1938 मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानंतर तो डाव्या हाताने नेमबाजी शिकला आणि 1948 च्या लंडन व 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत त्याने केवळ बाजारात उजव्या हाताची पिस्तुले सहज मिळतात एवढ्यासाठी हात बदलू नये.

एअर पिस्तूल : प्रश्न फक्त मुठीचा

शिकाऊ नेमबाजाची सुरुवात बहुधा 4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाने होते. डावखुऱ्यासाठी हा सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण यात पुंगळी उडत नाही आणि मॅगझिनही नसते. अडचण असते ती मुठीची. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या आकारानुसार कोरलेली असते : अंगठ्यासाठी एका बाजूला कट्टा, बोटांसाठी दुसऱ्या बाजूला खोबणी आणि तळहाताखाली वरखाली सरकणारी फळी. उजव्या हाताची अशी मूठ डाव्या हातात धरताच येत नाही. ती कशीबशी धरून शिकण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, कारण रेंजवरचे सार्वजनिक पिस्तूल तसेच असते. परंतु त्या काळात मनगटाला लागलेली वाकडी सवय नंतर मोडणे जिकिरीचे जाते. त्यापेक्षा दोन्ही हातांना चालेल अशी सपाट, सममितीय मूठ असलेले साधे पिस्तूल सुरुवातीला वापरणे कितीतरी बरे.

स्टायर, मोरिनी, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर यांसारख्या नामांकित उत्पादकांच्या स्पर्धात्मक एअर पिस्तुलांना डाव्या हाताची मूठ मिळते आणि ती सहसा लहान, मध्यम, मोठी अशा मापांत असते. माप निवडताना चुकायचेच असेल तर थोड्या मोठ्या मापाकडे चुकावे, कारण लाकूड कानशीने काढता येते, तर कमी पडलेल्या जागी लाकडाची लुकण भरत बसावे लागते. मूठ हातात बरोबर बसली की नाही हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. डोळे मिटून हात उचलावा, पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने स्थिर करावे आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ बसली. पुढची साइट दर वेळी उजवीकडे किंवा डावीकडे जात असेल तर मनगट वळवून ती मधे आणू नये. मूठच फिरवावी किंवा घासावी.

नियमांची चौकट डावखुऱ्याला वेगळी नसते. दहा मीटर एअर पिस्तुलाचे वजन 1500 ग्रॅमपर्यंत, ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम आणि संपूर्ण पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावणारे असावे लागते. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळे दिसले पाहिजे. स्वतः लाकूड वाढवणाऱ्यांचे याच दोन गोष्टींकडे, म्हणजे पेटीची 50 मिलिमीटर रुंदी आणि मोकळे मनगट यांकडे, दुर्लक्ष होते आणि चूक उपकरण तपासणीच्या टेबलावर उघडी पडते.

वापरलेले पिस्तूल घेत असाल तर डाव्या मुठीसह ते क्वचितच मिळते, म्हणून उजव्या मुठीचे घेऊन डावी मूठ स्वतंत्र मागवावी लागेल असे धरूनच हिशेब करावा. त्या मॉडेलची डावी मूठ अजून मिळते का, हे पिस्तूल घेण्याच्या आधी पक्के करावे. शिवाय हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचावी. त्याची वैधता सामान्यतः दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत वापरता येत नाही. कोणत्या हाताने लोड करावे लागते तेही प्रत्यक्ष करून पाहावे. पिस्तूल डाव्या हातात असताना उजव्या हाताने तरफ उघडणे, छर्रा ठेवणे आणि तरफ बंद करणे ही क्रिया साठ वेळा करायची आहे, हे लक्षात ठेवून.

काडतुसाचे पिस्तूल : बटणे कोठे आहेत ते पाहा

सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलात बोटांनी चालवायच्या गोष्टी मोजक्या असतात : मॅगझिन सोडण्याचे बटण, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) अडकवणारा खटका, असल्यास सेफ्टी (चुकून गोळी सुटू न देणारी कळ) आणि काही पिस्तुलांत उभारलेला घोडा (काडतुसावर आघात घडवणारा हातोडीसारखा भाग) सुरक्षितपणे खाली आणणारा डीकॉकर. जुन्या रचनांमध्ये या सगळ्या डाव्या अंगाला असतात, कारण तेथे उजव्या हाताचा अंगठा पडतो. डाव्या हाताने पिस्तूल धरल्यावर अंगठा उजव्या अंगाला येतो आणि ही सर्व बटणे तर्जनीच्या बाजूला राहतात.

यांतील प्रत्येक गोष्टीचे महत्त्व सारखे नाही. मॅगझिनचे बटण डाव्या अंगाला असले तरी डावखुऱ्याची तर्जनी ते सहज दाबू शकते. कित्येकदा उजव्या हाताच्या नेमबाजापेक्षा लवकर, कारण त्याला अंगठा पोहोचवण्यासाठी मूठ थोडी फिरवावी लागते. स्लाइडच्या खटक्याचेही तसेच. सेफ्टीचे मात्र तसे नाही. पूर्वापार चालत आलेल्या 1911 पद्धतीच्या (अमेरिकी लष्कराच्या जुन्या कोल्ट पिस्तुलाच्या रचनेच्या) पिस्तुलाची सेफ्टी फक्त डाव्या अंगाला असेल तर ती, पिस्तूल डाव्या हातात असताना, मूठ न सोडता, खात्रीने चालवता येत नाही. अशा पिस्तुलाला दोन्ही बाजूंची सेफ्टी जाणकार शस्त्रदुरुस्ती कारागिराकडून बसवून घ्यावी, नाहीतर ते पिस्तूल सोडून द्यावे. सिग साउअर पी 226 मध्ये डीकॉकर डाव्या अंगाला आहे, तोही याच कसोटीवर पाहावा. थोडक्यात, जी कळ चुकल्यास पिस्तूल अनपेक्षितपणे सुटू शकते, ती तुमच्या अंगठ्याखालीच असली पाहिजे. जी चुकल्यास फक्त दोन सेकंद वाया जातात, तिच्याशी जुळवून घेता येते.

बाजारातील परिस्थिती गेल्या काही दशकांत बरीच सुधारली आहे. हेक्लर अँड कॉखच्या 1993 मधील यूएसपी पिस्तुलात मॅगझिनची कळ ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) मागे दोन्ही बाजूंना आहे आणि सेफ्टीची तरफ उजव्या अंगाला बसवून घेता येते. त्याच कंपनीच्या व्हीपी 9 मध्ये मॅगझिनची कळ आणि स्लाइडचा खटका दोन्ही बाजूंना आहेत. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे 2010 पासून, मॅगझिनचे बटण उलट बाजूला लावता येते आणि 2017 मधील पाचव्या पिढीत स्लाइडचा खटका दोन्ही अंगांना आला. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत आणि सिगच्या पी 320 मध्येही खटका दोन्हीकडे असून बटण बदलता येते. बेरेटा 92 एफएसमध्ये सेफ्टी व डीकॉकर स्लाइडच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि मॅगझिनचे बटण फिरवून लावता येते.

बटण बदलता येते म्हणून ते बदललेच पाहिजे असे नाही. मी स्वतः ते डाव्या अंगालाच ठेवतो. एक तर तर्जनी बटणावर असते तेव्हा ती ट्रिगरवर नसते, ही फुकट मिळालेली सुरक्षितता आहे. दुसरे म्हणजे रेंजवरचे किंवा मित्राचे कोणतेही पिस्तूल हातात आले तरी सवय तीच राहते. पण ज्याची बोटे आखूड आहेत किंवा ज्याच्याकडे एकच पिस्तूल कायम राहणार आहे, त्याने बटण बदलून घ्यावे. दोन्ही रीती चालतात. दोन पिस्तुले दोन रीतींची ठेवणे मात्र गोंधळाला आमंत्रण आहे.

पिस्तूल पसंत करण्यापूर्वी ते रिकामे असल्याची खात्री करून डाव्या हातात घ्यावे आणि घट्ट मूठ आवळावी. तर्जनीच्या मुळाचा फुगीर भाग मॅगझिनच्या बटणावर दाबला जातो का, हे पाहावे. वाढीव लांबीचे बटण असलेल्या स्पर्धात्मक पिस्तुलांत हा त्रास हटकून होतो आणि मग चौथ्यापाचव्या फैरीला मॅगझिन आपोआप सैल पडते. दोन्ही अंगांना खटके असलेल्या पिस्तुलात वेगळी पंचाईत होते : डावा अंगठा उजव्या अंगाच्या खटक्यावर विसावला तर शेवटच्या फैरीनंतर स्लाइड उघडी अडकत नाही. पिस्तूल बिघडले असे समजून ते दुरुस्तीला टाकण्याआधी अंगठा कोठे ठेवला होता ते आठवावे.

पूर्णपणे उलटे, म्हणजे पुंगळी डावीकडे फेकणारे आणि सर्व कळा उजव्या अंगाला असणारे पिस्तूल ही दुर्मीळ गोष्ट आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतील रँडल कंपनीने 1911 ची अशी प्रतिकृती काढली होती आणि पुढे कॅबट गन्स या कंपनीनेही तशी बनवली. हौस म्हणून ती सुंदर आहेत, गरज म्हणून नाहीत. गंमत म्हणजे जर्मन लष्करातील जुने वाल्थर पी 38 पुंगळी डावीकडे फेकते, पण त्याच्या कळा उजव्या हाताच्या माणसासाठीच आहेत. तेव्हा पुंगळी कोणत्या बाजूला उडते एवढ्यावरून पिस्तूल डावखुऱ्याच्या सोयीचे ठरत नाही.

रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर (काडतुसे ठेवण्याचा फिरता भाग) जवळजवळ नेहमी डावीकडे उघडते. डावखुऱ्याने पिस्तूल उजव्या हातात देऊन ते उघडावे आणि आपल्या सराईत डाव्या हाताने काडतुसे भरावीत. हात बदलताना ट्रिगर गार्डमध्ये कोणत्याही हाताचे बोट असता कामा नये. सिलिंडर उजवीकडे उघडणारे साउथपॉ नावाचे रिव्हॉल्व्हर चार्टर आर्म्सने काढले आहे, पण त्यावाचून अडत नाही.

हाताळणी : नळी कोठे वळते

चार मूलभूत नियम सर्वांना सारखेच आहेत : प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, जे नष्ट व्हावे अशी इच्छा नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये, नेम धरून गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवावे, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखावे. डावखुऱ्याने यांतील दुसऱ्या नियमाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्याची चूक वेगळ्या दिशेने होते. स्लाइड ओढताना माणूस पिस्तूल पोटासमोर आडवे धरतो. उजव्या हाताच्या नेमबाजाची नळी त्या वेळी डावीकडे झुकते. डावखुऱ्याची उजवीकडे, म्हणजे उजव्या शेजाऱ्याकडे, झुकते. उपाय असा की पिस्तूल न वळवता स्वतः वळावे. उजवा खांदा लक्ष्याच्या दिशेने पुढे येईल इतके शरीर डावीकडे फिरवले की पिस्तूल शरीरासमोर आडवे राहूनही नळी लक्ष्याकडेच राहते.

पिस्तूल रिकामे करताना क्रम कधीही बदलू नये. प्रथम तर्जनीने बटण दाबून मॅगझिन काढावे आणि बाजूला ठेवावे. नंतर उजव्या हाताने स्लाइड पूर्ण मागे ओढावी आणि ती मागे असतानाच डाव्या तर्जनीने खटका वर उचलून ती अडकवावी. तर्जनी खटक्याखाली नेमकी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून ही क्रिया प्रशिक्षकासमोर रिकाम्या पिस्तुलावर शंभर वेळा करावी. मग नळी लक्ष्याकडेच ठेवून पिस्तुलाचा माथा डावीकडे कलवावा, म्हणजे उजव्या अंगाचे पुंगळीचे दार डोळ्यांसमोर येते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) पाहावे आणि उजव्या करंगळीने चाचपूनही पाहावे. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना दुसरे आत जाते. रिकामे समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्याच्या अपघातांमागे हा चुकलेला क्रम वारंवार असतो.

स्लाइड ओढण्याच्या रीतीबद्दल एक गोष्ट पुस्तकी चित्रांत दिसत नाही. उजव्या हाताचा पंजा वरून स्लाइडवर टाकला की तळहाताचा फुगीर भाग नेमका पुंगळीच्या दारावर येतो, कारण दार उजव्या अंगाला आहे. दार झाकले गेले की अडकलेली पुंगळी बाहेर पडू शकत नाही आणि अडथळा दूर करण्याच्या प्रयत्नात नवा अडथळा तयार होतो. त्यामुळे डावखुऱ्याने पंजा शक्य तितका मागे, खाचा असलेल्या भागावरच ठेवावा किंवा स्लाइडचा मागचा भाग अंगठा आणि दुमडलेली तर्जनी यांच्या चिमटीत धरून ओढावा. स्लाइड पुढे सोडताना हात तिच्याबरोबर नेऊ नये. स्प्रिंगला तिचे काम करू द्यावे.

ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान 30 सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिराने पेट घेऊ शकते. त्यानंतरच मॅगझिन काढून स्लाइड ओढावी.

पकड

दोन हातांच्या पकडीत डावा हात मुठीच्या मागच्या भागावर शक्य तितका वर बसवावा, अंगठा व तर्जनी यांमधील बेचके नळीच्या सरळ रेषेत मागे आले पाहिजे. मधले, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटे समोरून आवळतात. उजव्या बाजूला मुठीचा जो भाग उघडा राहतो तेथे उजव्या तळहाताचा खालचा भाग टेकवावा आणि उजव्या हाताची बोटे डाव्या बोटांवरून गुंडाळावीत. दोन्ही अंगठे उजव्या अंगालाच, पुढच्या दिशेने, डावा वर आणि उजवा खाली असे राहतात. एकच गोष्ट कटाक्षाने टाळावी : उजवा अंगठा डाव्या हाताच्या मागून आडवा टाकणे. स्लाइड मागे येते तेव्हा ती त्या अंगठ्याची कातडी सोलून काढते. रिव्हॉल्व्हरमध्ये याउलट अंगठे पुढे नेऊ नयेत, कारण सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून तप्त वायू बाहेर पडतो.

तर्जनीच्या विश्रांतीची जागा आधीच ठरवून ठेवावी. ती डाव्या अंगाला, फ्रेमवर, ट्रिगर गार्डच्या वर सरळ असावी. पण त्याच भागात स्लाइडचा खटका असतो, म्हणून बोटाचे टोक खटक्याला वर ढकलणार नाही असे ठिकाण शोधावे. मॅगझिनचे बटण किंवा खटका दाबून झाल्यावर बोट याच ठिकाणी परत आले पाहिजे, ट्रिगरवर नव्हे. डावखुऱ्याची तर्जनी तीन कामे करते, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाताना ती सवयीने गार्डमध्ये घसरणे हाच त्याच्या पद्धतीतला खरा धोका आहे.

नवे मॅगझिन उजव्या हाताने भरले जाते, म्हणून मॅगझिनचे पाकीट उजव्या कमरेला आणि होल्स्टर डाव्या कमरेला लागते. उजव्या हाताचे होल्स्टर उलट करून वापरण्याचा खटाटोप करू नये. ट्रिगर पूर्ण झाकणारे, त्याच पिस्तुलासाठी बनवलेले डाव्या हाताचे होल्स्टर मागवावे.

शिकताना प्रशिक्षकाच्या शेजारी उभे न राहता समोर उभे राहिले तर त्याच्या हालचाली आरशाप्रमाणे दिसतात आणि मनात उलटवाव्या लागत नाहीत. अर्थात हे फक्त रिकाम्या हातांनीच करावे. त्याच्या हातात शस्त्र असताना समोर उभे राहणे हा मूलभूत नियमांचाच भंग आहे.

पुंगळ्या आणि रेंजवरची जागा

पुंगळी चेहऱ्यावरून जाईल अशी भीती डावखुऱ्यांना घातली जाते. रायफलीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे, पण हात लांब करून धरलेल्या पिस्तुलात पुंगळी उजवीकडे आणि मागे उडून जाते. अधूनमधून एखादी डोक्यावर किंवा कॉलरमध्ये पडते आणि ती चांगलीच गरम असते. बंद गळ्याचा सदरा, पुढे छज्जा असलेली टोपी आणि कडेने झाकणारा चष्मा एवढे पुरे. टोपीचा छज्जा पुंगळीला चष्म्याच्या आत शिरू देत नाही. पुंगळी अंगावर पडली तरी आधी नळी लक्ष्याकडे ठेवणे आणि बोट ट्रिगरवरून काढणे, मग झटकणे, हा क्रम अंगात भिनवावा. कानांचे संरक्षण अर्थातच हवे.

जागा निवडण्याची मुभा असेल तर विचार करून निवडावी. एका हाताने नेम धरताना उजव्या हाताचा नेमबाज शरीर डावीकडे वळवून उभा राहतो आणि डावखुरा उजवीकडे, म्हणून डावखुऱ्याच्या उजव्या बाजूचा शेजारी थेट त्याच्या तोंडासमोर येतो. एअर पिस्तुलासाठी सर्वांत उजवीकडची लेन यामुळेच निवांत वाटते : समोर भिंत आणि शेजाऱ्याकडे पाठ. काडतुसाच्या पिस्तुलात मात्र उजवी भिंत जवळ असेल तर पुंगळ्या तिच्यावर आपटून परत आपल्याच अंगावर येतात, शिवाय डाव्या शेजाऱ्याच्या पुंगळ्याही येतात. तेथे डावीकडची लेन बरी.

लक्ष्यावरील चुका वाचणे

येथे आरसा पुन्हा कामाला येतो, पण अर्ध्यावर थांबतो. चुका ओळखण्याचे जे गोल तक्ते रेंजच्या भिंतींवर लावलेले असतात, ते सहसा उजव्या हातासाठी असतात. ट्रिगरला हिसका दिला की उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली डावीकडे जातात. डावखुऱ्याच्या खाली उजवीकडे. धक्क्याच्या अपेक्षेने तळहात पुढे ढकलला तर त्याच्या गोळ्या वर उजवीकडे, आपल्या वर डावीकडे. अंगठ्याचा दाब वाढला तर त्याच्या उजवीकडे, आपल्या डावीकडे. मनगट नुसते खाली किंवा वर मोडल्यास गोळी दोघांचीही सरळ खाली किंवा वर जाते, तेथे उलटण्यासारखे काही नाही. तक्त्याची छपाई उलट करून घेतली किंवा कागद उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहिला की डावखुऱ्याचा तक्ता तयार होतो.

साइट मात्र यंत्राचा भाग आहे. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर मागची साइट डावीकडे सरकवायची. नेमबाज कोणत्याही हाताचा असो, गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट न्यायची. दुसऱ्याने लावून ठेवलेले पिस्तूल डावखुऱ्याच्या हातात आले की गोळ्यांचा झुबका थोडा सरकलेला दिसतो, आणि लगेच स्क्रूकडे हात जातो. स्क्रूला हात लावण्यापूर्वी पिस्तूल टेकूवर ठेवून पाच फैरी आणि मग हातात धरून दहा फैरी झाडाव्यात. टेकूवरचा झुबका मधोमध असेल आणि हातातला खाली उजवीकडे असेल तर दोष बोटाचा आहे, आणि साइट फिरवून तो लपवला तर बोट सुधारेल त्या दिवशी गोळ्या डावीकडे वर जाऊ लागतील. दोन्ही झुबके एकाच दिशेला असतील तेव्हाच साइट फिरवावी, एका वेळी स्क्रूच्या दोन क्लिकपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाच फैरी टेकूवरून.